आलेलं रीडिंग खोडू नकोस

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लंबकाने ‘जी’ची, म्हणजे गुरुत्व त्वरणाची, किंमत 10.9 दिली, सरांनी ती खोडून 9.8 लिहायला लावली, बाकी सगळ्या बॅचचं 9.8च आलं, म्हणून फिजिक्स आपल्याला झेपणार नाही, असं तू ठरवून टाकलंस. अगं, बॅचचं उत्तर ‘आलेलं’ नाहीच, गेल्या वर्षीच्या जर्नलमधून उतरलेलं आहे. सगळ्यांचे लंबक एकाच दिवशी इतके शहाण्यासारखे वागत नसतात.

तुझा तक्ता पाहिला. लांबी 100 सेंमी, 20 दोलनांना 38.1 सेकंद. लागायला हवेत 40 च्या आसपास. दोन सेकंद गेले कुठे? एका मीटरच्या लंबकाला एका दोलनाला साधारण दोन सेकंदच लागतात. म्हणजे स्टॉपवॉच दाबताना तू ‘एक’ म्हणालीस, ‘शून्य’ म्हणाली नाहीस. मोजलीस 19, लिहिलीस 20. वेळ कमी दिसला, म्हणून ‘जी’ जास्त आली. चूक कुठे झाली ते तुझाच आकडा सांगत होता, आणि लाल पेनाने नेमका तोच गेला. म्हणून सांगतो, आलेलं रीडिंग आधी लिही, मग त्याच्याशी भांड.

1672 साली झाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या, विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला. तिथे लंबकाचं घड्याळ पॅरिसच्या मानाने दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. पॅरिसचाच आकडा लिहून तो मोकळा झाला असता, तर कोण तपासायला जाणार होतं? त्याने लंबक आखूड करावा लागल्याचं लिहिलं. उष्णतेने दांडा लांबला असेल, असं म्हणणारेही निघाले. पण पृथ्वी मध्यावर फुगलेली आहे, म्हणून तिथे ‘जी’ कमी भरते, या न्यूटनच्या मांडणीला त्याच रीडिंगचा आधार मिळाला.

मी शिकवायचो तेव्हा प्रॅक्टिकलला सरसकट 30 पैकी 30 दिले नाहीत. पालक तावातावाने यायचे, स्टाफरूममध्ये मला खडूस म्हणायचे. म्हणोत. ज्या पोराने 9.7 लिहून खाली ‘गोळ्याची त्रिज्या लांबीत धरली नाही’ असं कबूल केलं, त्याला मी 9.8 वाल्यांपेक्षा जास्त मार्क दिले, आजही देईन. त्या प्रयोगशाळेत आता टेस्ट सिरीजची बाकं लागली आहेत. ते अजून सलतं.

प्रॅक्टिकलचा सीईटी-जेईईला काय उपयोग, असं क्लासवाले म्हणतात ना? जेईई मेनच्या फिजिक्सच्या अभ्यासक्रमात प्रायोगिक कौशल्यांचं अख्खं युनिट आहे, साधा लंबकही त्यात आहे, ते त्यांना दाखव. पेपर सोडव, एमसीक्यूचा वेग वाढव, माझी ना नाही. पण क्लासच्या रँकवरून फिजिक्स सोडायचं की धरायचं, हे ठरवू नकोस. ठरवायचंच तर स्वतःच्या रीडिंगवरून ठरव.

खिडकीच्या गजाला दोऱ्याने जड नट बांध. झोका लहान ठेव, कोन वाढला की सूत्र चुकायला लागतं. ‘शून्य’पासून मोज. पाच वेगवेगळ्या लांबी घे आणि लांबीसमोर आवर्तकालाच्या, म्हणजे एका दोलनाच्या वेळेच्या, वर्गाचा आलेख काढ. रेषा आरंभबिंदूतून गेली नाही तर ओढूनताणून नेऊ नकोस, लांबी कुठपासून कुठपर्यंत मोजलीस ते पाहा. 9.5 आलं तर 9.5. सुबक तक्ता मला नको. खाडाखोडीसकट रफ वहीच्या पानाचा फोटो रविवारपर्यंत पाठव.

तुझ्या आईचे सर