‘ती परत का जाते?’ आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या लेखात मी घरातल्या मारहाणीबद्दल लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यात मार खाणाऱ्या बायकांची पत्रं थोडी आणि त्यांच्या आजूबाजूच्या माणसांची जास्त, शेजारी, आई, बहीण, एक नवरासुद्धा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत दिसलं होतं की शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्के बायकांनी कुणाकडे तरी मदत मागितली. म्हणजे बाकीच्यांपर्यंत मदत पोचायची असेल तर ती आजूबाजूच्या माणसांकडूनच पोचणार. म्हणून या वेळी सगळी जागा प्रश्नांनाच देतेय. नावं कुणाचीच नाहीत, गावं पण बदललीत.

वरच्या मजल्यावरून रात्री भांडी आपटल्याचा, तिच्या रडण्याचा आवाज येतो. सकाळी लिफ्टमध्ये भेटली की हसून बोलते. आमचे मिस्टर म्हणतात नवरा-बायकोच्या मधे पडू नको. मी काय करू? (डोंबिवली)

पडा मधे, पण विचार करून. आवाज चालू असतानाच ११२ ला फोन करा, पत्ता सांगा, मजला सांगा, आणि माझं नाव तिथे सांगू नका असं पण स्पष्ट सांगा. पोलीस यायला वेळ लागणार असेल तर बिल्डिंगमधली दोन-तीन माणसं घेऊन बेल वाजवा आणि काहीही विचारा, पाणी गेलंय का, तुमच्याकडून खाली गळतंय का, काहीही. दार उघडायला लागलं की हात थांबतो, मी हे कितीतरी बायकांच्या तोंडून ऐकलंय. एकट्या जाऊ नका आणि त्याला तिथेच सुनवायला जाऊ नका, तुम्ही खाली उतरलात की त्याचा हिशेब तिच्याकडूनच चुकता होतो.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम ४ म्हणून आहे, कुणालाही असं वाटलं की या घरात हिंसा होतेय तर तो संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवू शकतो आणि चांगल्या हेतूने कळवलं असेल तर त्याच्यावर कसलीच जबाबदारी येत नाही. हे मिस्टरांना वाचून दाखवा.

तिच्याशी बोलायचं ते दिवसा, ती एकटी असताना आणि तोंडी. व्हॉट्सॲपवर काही पाठवू नका, फोन तो बघत असणार असंच धरून चाला. “मला रात्री आवाज येतो, तुम्हाला कधीही लागलं तर माझं दार वाजवा, रात्री दोनला पण” एवढं पुरे. ती म्हणेल “नाही हो, टीव्हीचा आवाज असेल”. म्हणू द्या. लाजेने म्हणतेय, पण दार कुठलं वाजवायचं ते तिला कळलेलं असतं.

लग्नाला ९ वर्षं झाली, २ मुलं आहेत. घर सासऱ्यांच्या नावावर. आधी चापट, मग पट्टा, मागच्या महिन्यात त्याने गळा दाबला, डोळ्यासमोर अंधारी आली. खूण काही उठली नाही म्हणून दवाखान्यात गेले नाही. मला संसार मोडायचा नाही, फक्त मार थांबायला हवा. ४९८ टाकली तर त्याची नोकरी जाईल. तो म्हणतो पोलिसात गेलीस तर मुलं विसर. (पुण्याजवळून)

ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी चारदा वाचलं, ते गळा दाबल्याचं. तुम्ही ते मधेच एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण माझ्यासाठी तीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. ज्या माणसाने एकदा गळा दाबला त्याच्या हातून पुढे जीव जाण्याचा धोका खूप वाढलेला असतो, हे या विषयात काम करणारे सगळे सांगतात. आणि खूण न उठणं काहीही सिद्ध करत नाही, आतल्या रक्तवाहिन्यांना इजा असू शकते आणि त्याचा त्रास नंतरही होऊ शकतो. आवाज बसलाय का, गिळताना दुखतं का, डोकं जड होतं का, काहीही असेल तर आजच सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना सरळ सांगा, नवऱ्याने गळा दाबला. पडले, दाराला लागलं असलं काही सांगू नका, कारण तो कागद उद्या तुमचा साक्षीदार आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दवाखान्याला तुम्हाला परत पाठवता येत नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास ‘दिलासा’ नावाचं केंद्र सुरू झालं ते याचसाठी, बाई पोलिसात जात नाही पण टाके घालायला दवाखान्यात येतेच, तर तिथेच कुणीतरी तिला विचारायला हवं.

आता संसार मोडायचा नाही म्हणता त्याबद्दल. २००५ चा कायदा नेमका तुमच्यासारख्या बाईसाठी आहे आणि हे बऱ्याच बायकांना कुणी सांगतच नाही. त्यांना वाटतं एकतर सोसायचं नाहीतर ४९८. ४९८ अ म्हणजे फौजदारी गुन्हा, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ मध्ये गेलाय, ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तो मार्ग तुमच्यासाठी कायम उघडा आहे. पण कौटुंबिक हिंसाचार कायद्यात सुरुवात अटकेने होत नाही, न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा आणि आदेश मागायचे. हात उगारायचा नाही, घरातून काढायचं नाही, खर्चाला पैसे द्यायचे, मुलांचा तात्पुरता ताबा माझ्याकडे. त्याने आदेश मोडला तर मात्र गुन्हा होतो, १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घटस्फोट मागायची गरज नाही.

घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तुम्ही तिथे नांदताय ना, मग ते तुमचं सामायिक घर. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीश अहुजा खटल्यात हेच सांगितलं, घर सासऱ्यांच्या मालकीचं आहे एवढ्यावरून सुनेचा राहण्याचा हक्क नाकारता येत नाही. मालकी मिळत नाही हे लक्षात ठेवा, पण कोर्टाशिवाय तुमची बॅग बाहेर ठेवायचा हक्क पण कुणाला नाही. आणि मुलांची धमकी, ही मी बावीस वर्षं रोज ऐकतेय. मुलं कुणाकडे हे तो ठरवत नाही, कोर्ट ठरवतं, आणि मुलांचं भलं कशात ते बघून ठरवतं. ५ वर्षांच्या आतलं मूल तर सहसा आईकडेच देतात.

अर्ज महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे करा, तो कोर्टासाठी घटनेचा अहवाल तयार करतो, त्याला पैसे द्यायचे नसतात. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून फुकट मिळतो, बाई म्हणून, उत्पन्नाची अट नाही, फोन नंबर १५१००. माहेरी गेलात तर तिथल्या कोर्टात पण अर्ज चालतो. कायदा म्हणतो निकाल ६० दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा, प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात हे मी लपवणार नाही, म्हणून वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा की अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाचा अर्ज सोबतच लावा.

पण या सगळ्याच्या आधी एक तयारी, आणि त्याला अजिबात कळू न देता, कारण बाई निघतेय असं कळतं तेव्हाचे दिवस सगळ्यात वाईट असतात. आधार, मुलांचे जन्मदाखले, पासबुक, लग्नाचे फोटो, दवाखान्याचे कागद, जमलं तर त्याच्या पगाराच्या चिठ्ठीचा फोटो, हे सगळं बहिणीकडे किंवा मैत्रिणीकडे आधीच पोचवा. तुमचं गुगल अकाउंट त्याच्या फोनवर उघडं नाही ना, व्हॉट्सॲप दुसऱ्या कुठल्या डिव्हाइसला जोडलेलं नाही ना ते बघा, पण धोका वाटत असेल तर बदलू नका, दुसऱ्याच्या फोनवरून बोला. भांडण पेटलं की स्वयंपाकघरात जाऊ नका, तिथे सुरी असते, गॅस असतो, बाहेरच्या दाराजवळ राहा. मोठ्या मुलाला ११२ लावायला शिकवा, आणि बाबांना अडवायला मधे यायचं नाही हे पण शिकवा. निघायचंच झालं आणि माहेर लांब असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा, सखी वन स्टॉप सेंटरमध्ये मुलांसकट काही दिवस राहता येतं.

मुलगी तिसऱ्यांदा मार खाऊन आली आणि तिसऱ्यांदा परत गेली. गावात तंटामुक्तीच्या लोकांनी बसवून समजूत घातली, जावयाने पुन्हा मारणार नाही असं लिहून दिलं, दोन महिन्यांत पुन्हा तेच. तिचे वडील म्हणतात आता आली तरी दार उघडायचं नाही. ती परत का जाते हेच कळत नाही. (सातारा जिल्हा)

मावशी, तुमचा राग कळतो, पण हा प्रश्न तुम्ही तिला विचारला असेल तर कुठल्या आवाजात विचारला ते आठवून बघा. बाई कितीतरी वेळा परत जाते, हे नेहमीचं आहे. मुलं तिकडे अडकलेली असतात, हातात पैसा नसतो, त्याने पाय धरलेले असतात आणि तिला ते खरं वाटलेलं असतं. आणि माहेरी किती दिवस चालेल याचा अंदाज तिने पहिल्या आठवड्यातच घेतलेला असतो, वहिनीच्या चेहऱ्यावरून, “मग कधी जायचं ठरवलंय” या एका वाक्यावरून.

मी एक विचारते, वाईट वाटून घेऊ नका. तिच्याकडून हक्कसोड पत्र करून घेतलंय का? हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्येच दुरुस्ती झाली, वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच वाटा आहे, तरी आपल्याकडे भावाचं मन राखायला पोरीची सही घेतात आणि साडीचोळी देऊन पाठवतात. सही घेतलेली नसेल तर घेऊ नका, आणि तिला सांगा की घेतलेली नाही. या घरात तू पाहुणी नाहीस हे सातबाऱ्यावर दिसलं की तिचा पाय वेगळा पडेल.

पंचांपुढे लिहून दिलेला कागद सांभाळून ठेवा. त्या कागदाने तिचा एकही हक्क जात नाही, उलट “पुन्हा मारणार नाही” म्हणजे आधी मारलं हे त्याने स्वतःच्या सहीने कबूल केलंय. तो कागद संरक्षण अधिकाऱ्याला दाखवा. आणि पुन्हा बैठक बसवली तर जाऊ नका, गावातल्या जमिनीच्या वादात तडजोड करतात तशी मारहाणीत करायची नसते, अर्धा मार तू सोस अर्धा तो कमी करेल असं थोडंच असतं. त्यापेक्षा पोलीस ठाण्यातल्या महिला व मुलांच्या विशेष कक्षात घेऊन जा, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर तो पहिल्यांदा सुरू केला आणि आता राज्यात ठिकठिकाणी आहे, तिथे बसलेल्या बाया समाजकार्य शिकलेल्या असतात.

आणि वडिलांना सांगा, दार उघडं ठेवा. चौथ्यांदा ती कुठे जाईल, विहिरीकडे की घराकडे, ते त्या दारावर आहे.

मी बायकोवर दोनदा हात उचलला. दुसऱ्या वेळी मुलगी बाहेर खेळत होती म्हणून आधी दार लावून घेतलं. नंतर खूप वाईट वाटलं. राग आवरत नाही. मी वाईट माणूस आहे का? (नाशिक)

तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, म्हणून मी पण सरळ लिहिते. दार लावून घेतलंत हे तुम्हीच सांगताय. म्हणजे राग आला, तरी मुलीने बघू नये एवढं सुचलं, उठलात, कडी लावलीत, आणि मग मारलंत. राग आवरला होता हो तुम्हाला, हात आवरायचा नव्हता. माणूस वाईट आहे का यात मला रस नाही, पुढचं तुम्ही काय करता यात आहे. माफी मागताना “पण तू पण” हे शब्द येऊ देऊ नका. ती काही दिवस माहेरी जाते म्हणाली तर जाऊ द्या, मागे फोनचा मारा नको. दारू पीत असाल तर ती सोडा, पण दारूमुळे मारलं असं म्हणू नका, न पिणारे पण मारतात. पुरुषांशी याच विषयावर बोलणारे पुरुष आहेत, मुंबईत १९९३ पासून ‘मावा’ ही संस्था हे काम करतेय, त्यांना गाठा. आणि तिने तक्रार केली तर तिला मागे घ्यायला लावू नका.

बहीण लग्न होऊन न्यू जर्सीला गेली. व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर. पासपोर्ट त्याने ठेवून घेतलाय, म्हणतो तक्रार केलीस तर डिपोर्ट करेन. आम्ही इथून काय करणार? (कोल्हापूर)

डिपोर्ट करणं नवऱ्याच्या हातात नसतं, हे तिला आधी सांगा. तिच्या व्हिसाचं काय होईल ते मात्र नवऱ्याच्या स्टेटसवर अवलंबून असतं, म्हणून इमिग्रेशन वकिलाशी बोलल्याशिवाय विमानात बसू नको म्हणावं. न्यू जर्सीतच १९८५ पासून ‘मानवी’ नावाची दक्षिण आशियाई बायकांसाठीची संस्था आहे, आपल्या भाषा, आपल्या घरांच्या रीती समजणाऱ्या बायका तिथे आहेत, वकिलापर्यंत पण पोचवतात. जीवावर बेतलं तर ९११. तुम्ही तिच्याशी रोज ठरलेल्या वेळी बोला आणि एक शब्द ठरवून ठेवा, “पुरणपोळी कशी झाली” असं काहीतरी, तो शब्द आला की तुम्ही इथून तिथल्या पोलिसांना फोन करायचा. तिचा पूर्ण पत्ता आणि तिथल्या पोलीस ठाण्याचा नंबर आजच लिहून घ्या, भारतातून ९११ लागत नाही.

मुलगा मारतो. वय ७१. फ्लॅट त्याला बक्षीसपत्राने दिला. सून चांगली आहे, तिला पण मारतो. मला कायदा आहे का? (पत्र शेजारच्या बाईकडून लिहून घेतलंय)

आहे आजी. कौटुंबिक हिंसाचार कायदा फक्त बायकोसाठी नाही, आईला पण मुलाविरुद्ध अर्ज करता येतो. शिवाय २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्यात प्रांताधिकाऱ्याकडे अर्ज करून महिन्याला पोटगी मागता येते, आणि आईला सांभाळीन या अटीवर फ्लॅट दिला असेल तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. बक्षीसपत्राची प्रत काढा आणि त्यात तशी अट आहे का ते आधी वकिलाला दाखवा. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फोन आहे. सुनेला पण विचारा, तिला अर्ज करायचाय का, दोघींनी एकमेकींची साक्ष दिली तर मुलाला खोटं बोलायला फार जागा उरणार नाही. आणि जाताना एकट्या जाऊ नका, हे पत्र ज्या शेजारणीने लिहून दिलं तिलाच बरोबर घ्या.