अमेरिकेत सरकारी शाळा मोफत असताना कॅथलिकांनी स्वतःच्या शाळा का काढल्या?

कारण त्या सरकारी शाळा नावालाच सर्वांच्या होत्या. वातावरण प्रोटेस्टंट होतं. बायबल वाचायचं ते किंग जेम्सचंच, म्हणजे प्रोटेस्टंटांचं इंग्रजी भाषांतर, आणि प्रार्थनाही प्रोटेस्टंटांच्याच. 1859 मध्ये बॉस्टनच्या एलियट शाळेत थॉमस व्हॉल या कॅथलिक मुलाने प्रोटेस्टंट पाठातल्या दहा आज्ञा म्हणायला नकार दिला, तर शिक्षकाने त्याच्या हातांवर छड्या ओढल्या. त्याआधी, 1844 मध्ये, बायबलच्याच वादातून फिलाडेल्फियात दंगली होऊन कॅथलिक चर्च जाळली गेली होती. अशा ठिकाणी कॅथलिक असलेले आयरिश आईबाप मुलांना कशाला पाठवतील?

सक्तीचा ठराव झाला 1884 मध्ये, बाल्टिमोरला भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या धर्मपरिषदेत: प्रत्येक धर्मग्रामाने (म्हणजे एका चर्चभोवतीच्या स्थानिक समुदायाने) दोन वर्षांत शाळा काढावी. हे परवडलं ते अत्यल्प मानधनावर शिकवणाऱ्या सिस्टर्समुळे (नन्समुळे), आणि त्यांचं श्रेय फारसं कुणी देत नाही याचं वाईट वाटतं.

मात्र ठराव सगळीकडे अमलात आला नाही. अनेक धर्मग्रामांत शाळा कधीच निघाली नाही. शिवाय जर्मन आणि पोलिश वस्त्यांमध्ये धर्माइतकीच आपली भाषा टिकवायची ओढही होती.