मांस-अंडी-दूध सगळं बंद केलं, तरी वजन का उतरत नाही?

बहुतेक वेळा मटणाच्या जागी ताटात भात, बटाटा आणि साबुदाणा वाढलेला असतो. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, वर दाण्याचं कूट! मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाण्यांत सुमारे १७० कॅलरी, चमचाभर (५ मिली) तेलात साधारण ४०. फोडणी बाटलीतून ओतू नका, चमच्याने मोजा. माणशी दिवसाला तीन-चार चमचे पुरे.

प्रथिनं नीट पोटात गेली नाहीत तर तासा-दोन तासांत पुन्हा भूक लागते. पातळ वरणाच्या वाटीवर भागत नाही, त्यात डाळ जेमतेम मूठभर असते. ५० ग्रॅम कोरड्या सोया चंक्समधून साधारण २५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. जोडीला मोड आलेल्या मटकीची घट्ट उसळ, हरभरे, टोफू. भाकरी एक-दीड, भाजी दुप्पट. उसळीवर लिंबू पिळा आणि चहा तासाभराने घ्या, म्हणजे लोह अंगी लागतं.

बी-१२ जीवनसत्त्व मात्र वनस्पतींमधून भरवशाने मिळत नाही. दूधही बंद असेल तर गोळी लागतेच. मात्रा तपासणी करून डॉक्टरांकडून ठरवा. मधुमेहाची औषधं चालू असतील तर आहार बदलण्याआधीच त्यांना सांगा, साखर एकदम खाली येऊ शकते.