'सृजनशीलता' नव्हे, सर्जनशीलता

भुसावळच्या एका शिक्षिका विचारतात: शाळेच्या फलकावर 'सृजनशीलता' लिहायचं की 'सर्जनशीलता'? आणि अहिराणीत याला शब्द आहे का?

'सर्जनशीलता'च लिहा, बाई. 'सृजन' ऐकून ऐकून कान किटले. दृश् पासून दर्शन, वृष् पासून वर्षण, तसं सृज् पासून सर्जन. गणपतीचं आपण विसर्जन करतो, 'विसृजन' नाही. एक जाणकार म्हणतात, सर्जन म्हटलं की ऑपरेशन करणारा डॉक्टर आठवतो, म्हणून सृजन बरा. मुळीच पटत नाही. 'कर' म्हणजे हातही आणि टॅक्सही. कोणाचा घोटाळा होतो?

पण खरी मजा पुढेच आहे. सृज् म्हणजे 'निर्माण करणे' एवढं सांगून बहुतेक कोशवाचक थांबतात. मुळात तो सोडणे, मोकळं करणे. ऋग्वेदात इंद्र वृत्राला मारून सात नद्या वाहत्या करतो, तिथे क्रियापद 'अवासृजः'. मुंडकोपनिषदातला कोळी स्वतःतूनच धागा काढतो, तिथे 'सृजते'. आणि पावसाळ्यात तुम्ही पेपरात वाचता ना, 'हतनूर धरणातून तापीत विसर्ग'? दरवाजे वर सरकतात, गढूळ पाणी फेसाळत खाली उतरतं. तो विसर्गही ह्याच धातूचा!

मेंदूतही मला हेच दिसतं. २००८ साली चार्ल्स लिम्ब आणि अ‍ॅलन ब्राउन या संशोधकांनी सहा जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात झोपवून सुचेल ते वाजवायला लावलं. पाठ केलेली धून वाजवताना नव्हतं ते तेव्हा दिसलं: कपाळामागचा, स्वतःवर पहारा ठेवणारा भाग मंदावला. दरवाजा उचलला, सूर सुटले. हा योगायोग आहे असं मी मानत नाही. ज्यांनी सोडण्याच्या धातूला निर्मितीचा अर्थ दिला, त्यांनी स्वतःला सुचताना काय होतं ते नीट न्याहाळलं असणार. मात्र दरवाजे उघडणं म्हणजे धरण फुटणं नव्हे. रॉजर बीटी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की ज्यांना जास्त वेगळ्या कल्पना सुचतात, त्यांच्या मेंदूत मन भटकतं तेव्हा चालणारं जाळं आणि विचारांना आवरणारं जाळं एकमेकांशी घट्ट जोडलेली असतात, आणि ही जाळी मेंदूच्या एकाच बाजूला नसतात. तेव्हा 'उजवा मेंदू सर्जनशील' हे वाक्यही फलकावर नको.

अहिराणीचं राहिलंच. तिथे भारी नाम शोधत बसू नका, 'माले सुचस', म्हणजे 'मला सुचतं', एवढं पुरे. 'मी' तिथे कर्ता नाहीच. सुचणारं सुचतं, ते 'माले'.