तंबूतली थंडी खालून येते

प्रश्न : गेल्या डिसेंबरात आम्ही भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तंबूत एक रात्र काढली. खाली हवा भरायची गादी आणि अंगावर दोन-दोन ब्लँकेटे असूनही पहाटे पाठ गारठली, आणि सकाळी पाहिले तर तंबूच्या कापडावरून आतल्या बाजूने पाणी ओघळत होते. तंबू गळका होता का? यंदा महागडी स्लीपिंग बॅग घ्यावी का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पाऊस नसताना ओघळलेले ते पाणी बाहेरचे नव्हते, आणि स्लीपिंग बॅगेचा खर्चही सर्वांत आधी करण्याजोगा नाही. तुमची पाठ गारठली, यातच उत्तर आहे. ऊब देते ती पांघरुणात अडकलेली हवा; अंगाखाली दबलेल्या भागातून ती निघून जाते, त्यामुळे कितीही महाग बॅग घेतली तरी पाठीखाली तिचा फारसा उपयोग होत नाही. साध्या हवेच्या गादीची अडचण वेगळी आहे. तिच्या पोकळीत हवा फिरत राहते आणि शरीराची उष्णता जमिनीपर्यंत पोचवत राहते. गादी जाड म्हणजे उबदार, हा समज म्हणूनच सोडून द्यावा.

पहिला खर्च फोमच्या चांगल्या कॅरीमॅटवर करावा. ती उष्णता किती अडवते, हे ‘आर-व्हॅल्यू’ या आकड्यावरून कळते, आणि दोन मॅट एकावर एक अंथरल्यास त्यांच्या आकड्यांची सरळ बेरीज होते. कंबरेसाठी हवेची गादी हवीच असेल, तर तिच्यावर मॅट किंवा जाड घोंगडी अंथरावी. अंगावरच्या दोन ब्लँकेटांपैकी एक खाली घेतले तरी फरक जाणवेल. पुढे स्लीपिंग बॅग घ्याल तेव्हा तिच्यावरचा ‘कम्फर्ट’ तापमानाचा आकडा पाहावा. ‘एक्स्ट्रीम’चा आकडा जीव वाचण्यापुरता असतो, त्याचा सुखाच्या झोपेशी संबंध नाही. सह्याद्रीतल्या हिवाळी रात्रींसाठी 5 अंश सेल्सिअसच्या आसपासचा कम्फर्ट आकडा बहुधा पुरतो.

आता ओघळलेल्या पाण्याविषयी. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून रात्रभर बाष्प बाहेर पडते, पहाटे कापड थंड झाले की ते त्यावर दवासारखे साठते, आणि थंडीच्या भीतीने आपण तंबूच्या साऱ्या चेन लावून घेतो तेव्हा त्याला बाहेर पडायला वाटच उरत नाही. वरचे झरोके उघडे ठेवावेत, आतला व बाहेरचा पडदा एकमेकांना चिकटणार नाही इतके ताण द्यावेत, आणि ओले कपडे तंबूत ठेवू नयेत. थोडी गार हवा आत येईल, पण ओलसर पांघरुणापेक्षा ती केव्हाही परवडते.

जागेची निवडही यात आली. रात्री डोंगरउतारांवरची थंड, जड हवा खाली सरकून सखल भागात साचते आणि जलाशयाकाठी ओलावाही अधिक असतो, म्हणून पाणी दिसते तिथेच तंबू ठोकण्याचा मोह आवरून थोड्या चढावरची सपाट जागा शोधावी. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या धारेजवळ मात्र वाऱ्याचाच त्रास अधिक, तिथे आडोसा महत्त्वाचा. कोठेही गेलात तरी खुंट्या ठोकण्याआधी त्या जागेवर स्वतः आडवे होऊन पाहावे; टोचणारा दगड आणि न दिसणारा उतार पाठीला लगेच कळतो. उतार टाळता आलाच नाही, तर डोके चढाकडे ठेवावे.

निजण्यापूर्वी पोटभर जेवावे, दिवसभर घामेजलेले कपडे बदलावेत, कोरडे मोजे आणि कानटोपी घालावी. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, ती मोज्यात गुंडाळून पायाशी ठेवली की झोप लवकर लागते.

प्रश्न : लहान मुले सोबत असतील तर थोडा वेळ तंबूत शेगडी ठेवावी का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : कृपया कधीही ठेवू नये, आणि तंबूच्या पडवीतही नको. धूर न दिसणाऱ्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. दार थोडे उघडे ठेवले म्हणजे भागले, असे मानणेही धोक्याचे आहे. मुलांना आई-वडिलांच्या मध्ये, दुहेरी मॅटवर निजवावे आणि त्यांचे तोंड पांघरुणाबाहेर राहील याकडे लक्ष द्यावे.