अळ्या वळवळत आहेत, तरीही औषध लागू पडले असेल

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या तळघरात, पंपाशेजारच्या खड्ड्यात डासांच्या अळ्या झाल्या होत्या. कंत्राटदाराने दाणेदार औषध टाकून आठ दिवस झाले, तरी अळ्या तशाच वळवळताना दिसतात. हे ‘वाढ रोखणारे’ औषध आहे, असे तो सांगतो. आमची फसवणूक झाली आहे का? आणि पिण्याच्या पाण्याच्या टाकीत हेच औषध टाकावे का?
— सोसायटीच्या सचिव, नेरुळ

उत्तर : आपली शंका रास्त आहे, परंतु अळ्या जिवंत दिसतात एवढ्यावरून कंत्राटदाराला दोषी धरता येणार नाही. टेमेफॉससारखे जुने औषध अळीच्या मज्जासंस्थेवर आघात करते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या दिसतात आणि आपले समाधान होते. वाढ रोखणारी औषधे अळीला थेट मारत नाहीत, तिला डास होऊ देत नाहीत. त्यांतही दोन तऱ्हा आहेत. डायफ्लुबेन्झुरॉन हे कायटिन, म्हणजे कीटकाच्या कातडीला बळकटी देणारे द्रव्य, तयार होऊ देत नाही, त्यामुळे अळी कात टाकते तेव्हा तिची नवी कातडी नीट बनत नाही आणि ती तिथेच मरते. पायरिप्रॉक्सिफेनची चाल निराळी आहे. अळीच्या अंगात तिचे अळीपण टिकवणारे एक संप्रेरक असते आणि ते ओसरले म्हणजेच पुढच्या रूपांतराची वेळ येते. हे औषध त्या संप्रेरकाची नक्कल करत असल्यामुळे अळी खाते, पोहते, बहुधा कोषातही जाते, पण कोषातून डास बाहेर पडत नाही. म्हणून डब्यावरचे नाव आधी वाचा. डायफ्लुबेन्झुरॉन असेल, तर आठ दिवसांनी मोठ्या अळ्या दिसणे हे शंकास्पद आहे. पायरिप्रॉक्सिफेन असेल, तर मुळीच नाही.

(या संप्रेरकाची नक्कल करणारा एक पदार्थ चक्क कागदात सापडला, हे सांगण्याचा मोह आवरत नाही. १९६०च्या दशकात प्रागहून हार्वर्डला नेलेले ढेकणाच्या जातीचे किडे काही केल्या प्रौढ होईनात. शोध घेता घेता दोष निघाला तो त्यांच्या भांड्यात अंथरलेल्या कागदी रुमालांचा. एका प्रकारच्या फर वृक्षाच्या लाकडातील द्रव्य त्या कागदात उतरले होते.)

खात्री करून घेण्यासाठी अळ्या मोजू नका, कोष पाहा. स्वल्पविरामाच्या आकाराचे वीसेक कोष त्याच खड्ड्यातील पाण्यासह रुंद तोंडाच्या बरणीत घ्या, तोंडाला मच्छरदाणीचे कापड रबराने बांधा आणि बरणी चार दिवस सावलीत ठेवा. कोषाची अवस्था साधारण दोन-तीन दिवसांचीच असते, त्यामुळे आज सापडणारे कोष औषध पडले त्या दिवशी अळ्याच होते किंवा अंड्यातून बाहेर यायचे होते. बरणीत डास उडू लागले, तर कंत्राटदाराला जरूर जाब विचारा. ठाण्याच्या घरी गच्चीवरच्या पिंपातील पाण्यावर मी हा प्रयोग केला, तेव्हा बहुतेक कोष काळवंडून तरंगत होते आणि एक डास धडापर्यंत बाहेर येऊन, पाय सालीतच अडकलेले, अशा स्थितीत मेलेला होता. औषध लागू पडल्याची याहून स्पष्ट खूण नाही.

आपल्या खड्ड्याबाबत माझी हरकत वेगळीच आहे. तेथील पंप पाणी उपसून पावसाळी गटारात सोडत असेल, तर औषधही त्यासोबत जाते. म्हणजे खड्ड्यातील मात्रा वाया जाते आणि उरलेली खाडीकडे वाहते. कायटिन ही केवळ डासांची मालमत्ता नाही. चिंबोरी आणि कोळंबी यांचे कवचही त्याचेच बनते, आणि डायफ्लुबेन्झुरॉन अशा कवचधारी प्राण्यांना घातक आहे. २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलेल्या ठाणे खाडीच्या काठी राहून हे विसरणे बरे नव्हे. खड्डा दर आठवड्याला पूर्ण कोरडा करणे शक्य असेल, तर औषधाची गरजच उरत नाही.

पिण्याच्या टाकीविषयी : जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या साठवणीत पायरिप्रॉक्सिफेन लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले आहे. ०.५ टक्के दाण्यांच्या हिशेबाने हजार लिटरला हे जेमतेम २ ग्रॅम होतात, आणि मूठ भरून टाकणाऱ्या हाताला हा हिशेब ठाऊक नसतो. सोसायटीच्या टाकीला घट्ट झाकण आणि ओव्हरफ्लोच्या नळीला जाळी एवढे पुरे. पिंपे मात्र ‘कोरडा दिवस’ (आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी कोरडी करण्याचा दिवस) पाळून रिकामी करताना आतून घासा, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी भिंतीला चिकटून कोरडी असतानाही महिनोन्‌महिने तग धरतात.

प्रश्न : जास्वंदीवरील पिठ्या ढेकणासाठी दुकानदाराने बुप्रोफेझिन दिले. फवारून पाच दिवस झाले, तरी मोठे ढेकूण मेले नाहीत.
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : मरणारही नाहीत. बुप्रोफेझिनचा मारा कात टाकणाऱ्या पिलांवर होतो, प्रौढांवर नाही. मोठे ढेकूण जुन्या टूथब्रशने व साबणाच्या पाण्याने काढून टाका आणि पुढची पिढी फुटते का, ते दोन आठवड्यांनी पाहा. शेतीसाठीचे हे औषध खिडकीच्या ग्रिलमध्ये, तोंडाजवळ फवारणे मात्र टाळा. पुढच्या वेळी निंबोळीचा अर्क घ्या, कारण त्यातील ॲझाडिरॅक्टिनही कीटकाच्या कात टाकण्यातच बिघाड करते.