नवीन खातं उघडलंय? आधी एवढं करा

सोशल मीडियावर खातं उघडलंत, छान. घाबरायचं कारण नाही, आणि पहिल्याच दिवशी सगळी सेटिंग्ज उलटसुलट करत बसायचंही नाही. काहीही टाकण्याआधी एकच हिशेब करा: हे अनोळखी माणसाच्या हाती पडलं तर तो त्याचं काय करेल? जेवणाच्या ताटाच्या फोटोचं काही नाही. पण जन्मतारीख, मोबाइल नंबर आणि बँकेची शाखा एका जागी सापडली की तोतयाला बोलायला भांडवल मिळतं.

सुरुवातीला इतकंच:

- व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट, तिथे टू-स्टेप व्हेरिफिकेशन. सहा आकडी पिन ठेवा, जन्मतारीख मात्र नको. एसएमएसचा कोड कुणी गोड बोलून काढून घेतला तरी पिनपाशी अडतो.
- फेसबुकची मित्रयादी ‘ओन्ली मी’ करा. नक्कल खातं काढणारा तुमचा फोटो उचलतो आणि याच यादीतल्या लोकांकडे पैसे मागतो.
- गणपतीला गावी निघालात? फोटो परतल्यावर टाका.

नवखे हमखास फसतात ते एका फोनला. ‘तुमचं कुरिअर अडकलंय, *४०१* लावून पुढे हा नंबर डायल करा.’ त्याने तुमचे कॉल दुसरीकडे वळतात, आणि व्हेरिफिकेशन कोड सांगणारा कॉलही तिकडेच जातो. डायल झालंच असेल तर ##००२# लावून सगळं फॉरवर्डिंग बंद करा. पैसे गेले असतील तर थांबू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

लोकेशन आणि ॲपच्या परवानग्या महिनाभराने बघू.